ब्रिटाची वरची दोन वर्षं

लोइस हाउताला हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. वर मुलांच्या वॉर्डात जायचे ते ट्रे तिच्या हातचे. टोस्ट कापायचा तर हरणाच्या डोक्याच्या आकाराचा कापायची, शिंगासकट, आणि शिंग मोडलं की तो टोस्ट स्वतः खाऊन टाकायची अन् दुसरा घ्यायची. साधा छोटा वॉर्ड, सहा खाटांचा, दारावर मासे रंगवलेले. तिची थोरली, ब्रिटा, लहानपणी दम्यानं त्या दाराच्या आत किती वेळा गेली त्याला सुमार नाही. बर्फ पडायला लागलं की पोरगी निळी पडायची. बाप, आयव्हर, तिला ब्लँकेटात गुंडाळून ट्रकात टाकायचा, आणि डॉक्टर पेल्टियर दारातच उभे.

"आली का माझी भाडेकरू?" म्हणायचे. "खाट गरम करून ठेवलीय बघ तुझी."

तर ब्रिटा डॉक्टर झाली ती त्या खाटेवरून झाली. दुसरं काही तिला व्हायचंच नव्हतं. शहरातली डॉक्टरीण नाही, मोठी डॉक्टरीण नाही, पेल्टियर डॉक्टरांच्या शेजारी त्या वॉर्डात उभी राहणारी डॉक्टरीण. आयव्हर मधेच गेला, छातीत दुखून, पण जाताना त्याला एवढं समाधान होतं की पोरगी परत येणार. इथून शिकायला गेलेलं कोण परत येतं? कोणी येत नाही. ही येणार होती.

मुलांच्या डॉक्टरकीची तीन वर्षं असतात. त्यातलं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी उन्हाळ्यात ब्रिटा घरी आली होती. लोइसनं निसू भाजला होता, वेलचीचा पाव, आणि पेल्टियर डॉक्टर कॉफीला आले होते. गुडघे गेले होते त्यांचे, खुर्चीत बसताना टेबल धरून बसले. वॉर्डातला दुसरा डॉक्टर नोकरी सोडून गेल्यापासून सगळं त्यांच्या एकट्यावर होतं.

"पुढच्या जूनला ये पोरी," ते म्हणाले. "तुझी खुर्ची पुसून ठेवलीय. दोघं झालो की वॉर्डाला कोणी हात लावत नाही. मी एकटा आहे तोवर ते वॉर्ड बंद करायला टपलेलेच आहेत."

ते म्हणजे मालक. हॉस्पिटल आता गावाचं राहिलं नव्हतं, पुलाखालच्या एका मोठ्या कंपनीनं घेतलं होतं. इथं मोठ्या पुलाच्या पलीकडे राहणाऱ्या सगळ्यांना पुलाखालचेच म्हणतात.

ब्रिटा कपात बघत बसली. मग म्हणाली, "डॉक्टर, मला नाही घेणार हो ते."

"घेणार कसे नाहीत? मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगून काय होतंय. आता वॉर्डात नवीन डॉक्टर घ्यायचा तर फेलोशिप केलेलाच पाहिजे. तीन वर्षांवर अजून दोन वर्षं. हॉस्पिटलात भरती झालेल्या मुलांची वेगळी विद्या, वेगळी परीक्षा, वेगळं सर्टिफिकेट."

लोइस सुरी हातात धरून उभीच राहिली. "म्हणजे गं? मग आजवर तू होतीस कुठं? हॉस्पिटलातच ना? मला फोन करायला तुला फुरसत नव्हती ती कशानं?"

"हॉस्पिटलातच होते आई."

"भरती झालेल्या मुलांजवळच ना?"

"त्यांच्याजवळच."

"आणि यांनी कधी केली ही वरची दोन वर्षं?" लोइसनं सुरीनंच पेल्टियरांकडे दाखवलं.

डॉक्टर हसले. "मी नाही केली बाई. आम्हा जुन्या खोडांना सूट मिळाली. जे आधीपासून वॉर्डात होते त्यांनी नुसती परीक्षा द्यायची. त्याला एक तारीख होती, ती गेली, दार बंद."

"म्हणजे पोरगी जरा आधी जन्माला आली असती तर चाललं असतं."

"ते तर तुझ्याच हातात होतं, लोइस."

तेव्हा सगळे हसले. ब्रिटासुद्धा हसली. लोइसला ते हसणं अजून आठवतं.

ब्रिटापुढं वाटा होत्या, नव्हत्या असं नाही. गावात दवाखान्यात बसायचं, लसी टोचायच्या, कान बघायचे, त्याला ही दोन वर्षं लागत नाहीत. तिच्या एक वर्ष पुढचा टेरेन्स म्हणून एक होता, वॉर्डात तिच्यापेक्षा हुशार, पण बायकोला जुळी झाली आणि शिकाऊ पगारावर अजून दोन वर्षं काढायची त्याची ताकद राहिली नाही. गेला दवाखान्यात. "दिवसभर कानच कान बघतोय," असं फोनवर सांगायचा. "रात्री स्वप्नातही कानच येतात." तो हसायचा पण ब्रिटाला रडू यायचं. दुसरी वाट म्हणजे अशी लहान हॉस्पिटलं की जी अजून सर्टिफिकेट मागत नाहीत. तिथं जायचं अन् उद्या मागितलं की पुन्हा पिशवी उचलायची. आणि तिला तर एकच वॉर्ड हवा होता, आणि त्याच वॉर्डाला हे सर्टिफिकेट लागत होतं.

पेल्टियर म्हणाले, "कर मग. दोन वर्षं ना? मी ओढतो."

"गुडघ्यांनी?" लोइस म्हणाली.

"गुडघ्यांवर मी मुलं तपासत नाही."

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं इथंच बिघडलं. या डॉक्टर लोकांत असं आहे की आपण जागा निवडायची नसते. तुम्ही मुलाखती द्यायच्या, मग क्रम लिहून द्यायचा, पहिली ही, दुसरी ती. हॉस्पिटलंही आपापला क्रम लिहितात, हा डॉक्टर पहिला, तो दुसरा. मग यंत्र दोन्ही बाजूंचं जुळवतं, आणि डिसेंबरात एक दिवस कळतं तुम्ही कुठं जाणार. कळलं की जायचं. नाही म्हणता येत नाही.

ब्रिटाच्या मनात एकच जागा होती. गावाजवळच्या मोठ्या तळ्याच्या खालच्या अंगाला, विस्कॉन्सिनात, ट्रकनं सकाळी निघून जेवायच्या आत पोचता येईल अशी. तिथले लोक म्हणाले होते की फेलोशिपमधले काही महिने तू तुमच्या गावच्या वॉर्डात, पेल्टियरांच्या हाताखाली कर, आम्ही ते धरू. म्हणजे दोन वर्षं जाणारच नव्हती. ती वॉर्डात दिसली असती, मालकांना दिसलं असतं की माणूस येतंय. पण तिथं जागा एकच होती. दुसरी मुलाखत टेक्सासात झाली, तिथं जागा पुष्कळ.

टेक्सासच्या मुख्य डॉक्टरांचा फोन आला. "आम्हाला तू फार आवडलीस," म्हणाले. विस्कॉन्सिनहून फोन नाही, ओळ नाही, काही नाही.

त्यांच्यात सगळ्यांना शिकवून ठेवलेलं असतं की क्रम लिहिताना मनात जे पहिलं तेच पहिलं लिहायचं, घाबरून लिहायचं नाही, यंत्र घाबरणाऱ्याला फसवतं. सगळ्यांना हे पाठ असतं आणि सगळे घाबरतात. ब्रिटा घाबरली. एक जागा, फोन नाही, म्हणजे त्यांना मी नको. पहिली ती लिहिली आणि नाही मिळाली, मग सगळंच गेलं तर? वर्षच गेलं तर? पेल्टियरांचे गुडघे थांबतील का वर्षभर? असा विचार करून तिनं टेक्सास पहिलं लिहिलं आणि मनातलं दुसरं लिहिलं.

डिसेंबरात टेक्सास आलं.

पुढं कधीतरी डॉक्टरांच्या एका मेळाव्यात विस्कॉन्सिनची मुख्य बाई तिला भेटली. कॉफीचा कप हातात, सहज म्हणाली, "तू आमच्याकडे पहिली होतीस गं. तू आम्हाला पहिलं लिहिलं असतंस तर तूच येत होतीस."

"मग तुम्ही फोन का नाही केला?"

"असा फोन करायचा नसतो. नियम आहे."

ब्रिटानं हे आईला फोनवर सांगितलं. लोइसला कळेना. "फोन केला नाही म्हणून?" तिनं विचारलं. "एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून," ब्रिटा म्हणाली.

टेक्सासात ती चांगली शिकली असं सगळे म्हणतात. लोइस एकदाच गेली तिकडं. उन्हानं तिचे पाय सुजले. हॉस्पिटल म्हणजे गावच होतं एक. ब्रिटा शिकवत होती, आणि तिला कोणीतरी शिकवत होतं, आणि कसलासा अभ्यास लिहायला लावला होता, मुलांना घरी सोडताना कागदपत्रं लवकर कशी करावी असलं काहीतरी. ब्रिटा रात्र रात्र तो लिहीत बसायची. "याचा आपल्या वॉर्डाला काय उपयोग?" लोइसनं विचारलं. "काही नाही," ब्रिटा म्हणाली. "पण त्याशिवाय सोडत नाहीत."

इकडं पेल्टियर ओढत होते. नर्सा एकेक करून चालल्या, लहान मुलाच्या हाताची शीर एका टोचण्यात शोधणारी एलेन होती तीसुद्धा गेली. दुसऱ्या हिवाळ्यात पेल्टियर हॉस्पिटलच्या दारात बर्फावरून घसरले. खुबा मोडला, ऑपरेशनात मेंदूला झटका आला, मग तोंड वाकडं झालं. मालकांनी पाटी लावली की मुलांचा वॉर्ड तात्पुरता बंद.

ब्रिटानं त्यांना फोन केला. येत्या जूनला येते म्हणाली, दोन वर्षं पुरी करून येते, एवढं थांबा. ते गोड बोलले. एका डॉक्टरवर वॉर्ड चालत नाही, म्हणाले. दुसरा मिळाला तर बघू. पण दुसरा कुठून मिळणार? वरची दोन वर्षं करून एवढ्या बर्फात कोण येणार होतं? जो यायला तयार होता त्याची ती दोन वर्षं झालेली नव्हती.

"सोडून येऊ का मी आई?" तिनं विचारलं. "आत्ता?"

"मग घेतील?"

"नाही. अर्धवट सोडलं तर परीक्षेलाही बसता येत नाही."

"मग कशाला विचारतेस मला?"

लोइस हे बोलली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

जूनमध्ये ब्रिटाला सर्टिफिकेटाच्या परीक्षेला बसायची मुभा मिळाली आणि उभं राहायला वॉर्ड नव्हता. ती पुलाखाली मुलांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. धाकटी बहीण, जेना, चिडवायची, "झालीस ना शेवटी पुलाखालची? आता आपल्या पेस्टीवर, मांसाच्या करंजीवर, त्यांच्यासारखा सॉस घालून खात असशील." ब्रिटा म्हणायची, "घालते. दोन्हीकडून घालते." पण ती घरी कमी यायला लागली. आली की हॉस्पिटलच्या रस्त्यानं गाडी न्यायची नाही, वळसा घालून यायची.

जेनाचा नवरा कोडी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचं बर्फ सारणारा नांगर-ट्रक चालवतो. धिप्पाड गडी, बोलणं थोडं. त्यांना डिसेंबरात मुलगा झाला, नाव ठेवलं आजोबाचं, आयव्हर. ब्रिटा त्याची धर्माची आई होणार होती, चर्चात पोराची जबाबदारी घेणारी, म्हणून बारशाला आली. चर्चच्या तळघरात कॉफी झाली, निसू झाला, सगळ्यांनी पोराला हातोहात घेतलं. कोणाची तरी सर्दी होती. कोणाची ते कोणी काढलं नाही, आणि काढून काय करायचं.

दोन दिवसांनी दुपारी पोरगं दूध ओढेना. जेना म्हणाली, नाक चोंदलंय. ब्रिटानं त्याचा अंगरखा वर केला आणि आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्यांकडं बघितलं, आणि लोइसनं ब्रिटाच्या तोंडाकडं बघितलं.

"कोट घाला," ब्रिटा म्हणाली. "आत्ता."

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होता, आठवड्याच्या पाळीवर बाहेरून आलेला, चांगला मुलगा. ब्रिटानं आपण कोण ते सांगितलं. तिचं नाव इथं कुठं नोंदलेलं नव्हतं, तिनं तिथं पोराला हात लावायचा नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला जे करायचं ते करा, कागदावर माझं नाव घाला."

"गरम ऑक्सिजनचं मशीन?" ब्रिटानं विचारलं. "नाकातून जोरात देतात ते. बारक्या नळ्यांचं."

"ते वर होतं."

ब्रिटा जिन्यानं वर पळाली. लोइस तिच्यामागं. दारावर मासे तसेच होते. आत घडीच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि खोक्यांत जुने कॉम्प्युटर, आणि खिडकीखाली जिथं ब्रिटाची खाट असायची तिथं ख्रिसमसचं प्लास्टिकचं झाड उभं. मशीन नव्हतं. खालून येणाऱ्या नर्सनं सांगितलं की ते कंपनीनं दुसऱ्या गावी नेलं. ब्रिटा दारात एक क्षण उभी राहिली. लोइसला वाटलं ही आता किंचाळेल. ती खाली पळाली.

शीर सापडेना. एलेन असती तर, असं लोइसच्या मनात सारखं येत होतं. ब्रिटानं शेवटी पायात सुई घातली, घशात नळी घातली, ते सगळं तिला येत होतं. पण हेलिकॉप्टर उडेना, तळ्यावरून बर्फ येत होतं, समोरचं दिसत नव्हतं. शहराच्या हॉस्पिटलात रस्त्यानंच न्यायचं ठरलं. अँब्युलन्सच्या डॅरिलनं विचारलं, "पुढं नांगर कोण चालवणार?"

"मी," कोडी म्हणाला.

"तू बाप आहेस रे त्याचा."

"मग दुसरा कोण आहे?"

दुसरा कोणी नव्हता. अँब्युलन्समध्ये ब्रिटा आणि जेना बसल्या, आणि लोइस नियम मोडून कोडीच्या शेजारी नांगराच्या केबिनमध्ये चढली. निघताना ब्रिटा डॅरिलला म्हणाली, लोइसनं ऐकलं ते, "पोराला बरं वाटलं तरी वेग कमी करायचा नाही. काही झालं तरी नाही. पोचेपर्यंत नाही."

कोडीनं असा नांगर मारला की तसा त्यानं कधी मारला नसेल. एकही ढेकूळ मागं राहू दिलं नाही. समोर नुसतं पांढरं, काचेवर वायपर, आणि आरशात मागचे लाल दिवे. तो बोलत होता, कधी न बोलणारा माणूस. उन्हाळ्यात पोराला तळ्यावर नेईन म्हणत होता. बोट आहे, रंग द्यायचा राहिलाय म्हणत होता. लोइस हं हं करत होती.

पाइनच्या जंगलातून रस्ता बाहेर पडतो तिथं रेडिओ वाजला.

"कोडी," डॅरिलचा आवाज.

"बोल."

नुसती खरखर.

"सावकाश घे रे. घाई नको आता."

"का? दिसत नाही का तुला नीट?"

"दिसतंय. सावकाश घे एवढंच."

लोइसनं हात मांडीखाली दाबून धरले. कोडीनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. "आई, थोडा स्थिरावला असेल ना? म्हणून सावकाश म्हणाला असेल."

लोइसला माहीत होतं. ब्रिटाचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं सांगायला पाहिजे होतं की नाही ते तिला अजून कळलेलं नाही. नांगर एवढा जड, बाजूला खड्डा, मागं दोन्ही पोरी.

"समोर बघ बाळा," ती म्हणाली. "रस्त्याकडं बघ."

आणि तो रस्त्याकडं बघत राहिला. शहर येईपर्यंत त्यानं रस्ता साफ केला, सावकाश, दोन्ही बाजू, उन्हाळ्याबद्दल बोलत बोलत.

हॉस्पिटलच्या दारात ब्रिटा उतरली. तिचा उजवा हात तिला सरळ करता येत नव्हता, पोराला श्वास द्यायची रबरी पिशवी दाबून दाबून बोटं तशीच आकडून राहिली होती. जेना आत बसली होती, पोराला कोटात घेऊन, उतरत नव्हती. कोडी केबिनमधून उडी मारून आला. ब्रिटा त्याच्यासमोर उभी राहिली. एवढं शिकलेली, असं तोंडावर सांगायचंही त्यांना शिकवतात म्हणे. तिला काही सांगता येईना.

"रस्ता चांगला साफ केलास कोडी," ती म्हणाली. मग कोडीला कळलं.

ब्रिटा पुलाखालीच आहे. काम करते. फोन केला की आज कुणाला घरी सोडलं ते सांगते, अमकी पोरगी खाऊन पिऊन गेली, तमका मुलगा हसत गेला, आणि लोइस ऐकते आणि बरं झालं गं म्हणते. पेल्टियर डॉक्टर वृद्धाश्रमात असतात, लोइस रविवारी त्यांना पुडिंग घेऊन जाते. त्यांना मधलं काही आठवत नाही. ब्रिटा जूनला येतेय ना, विचारतात. लोइस चमचा पुढं करते.

कोडी अजून तोच रस्ता साफ करतो. त्यानं दुसरा मागितला होता. काउंटीचे लोक वाईट नाहीत, त्यांनाही वाईट वाटलं. पण माणसं कमी आहेत म्हणाले.